कातडी सुटत चाललेला रुग्ण आयसीयूत आहे: वाचण्याची आणि बरं होण्याची शक्यता किती?

प्रश्न थोडक्यात असा. वहिनी, वय ३६. चेहऱ्याच्या एका बाजूला नसेच्या असह्य कळा यायच्या म्हणून कार्बामॅझेपीन सुरू झालं. सतराव्या दिवशी ताप आला, घसा धरला, डोळे लाल झाले. व्हायरल समजून दोन दिवस गेले. मग ओठ सुजून फुटले, छातीवर आणि पाठीवर काळपट लाल डाग उठले, डाग एकमेकांत मिसळले आणि कातडी सुटू लागली. डाग उठल्याच्या दुसऱ्या दिवशी गोळी बंद झाली. आज पाचवा दिवस. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी रुग्णालयात आयसीयूत आहेत. निदान ‘एसजेएस-टेन ओव्हरलॅप’, म्हणजे औषधाच्या प्रतिक्रियेने कातडी सोलून निघणारा गंभीर आजार. दाखल करताना पंधरा टक्के कातडी सुटली होती, आता पंचवीस. नाडी १२६ होती. डॉक्टर म्हणतात, ७२ तास काही सांगता येत नाही. दीर विचारतात: वाचतील का? वाचल्या तर पूर्ववत होतील का? पुण्या-मुंबईला हलवायचं का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि अशा रुग्णांमध्ये बरीच वर्षं गेली आहेत. रुग्ण डोळ्यांनी न बघता छातीठोक बोलणं बरं नव्हे, पण तुम्ही रिपोर्ट नीट जोडलेत, त्यामुळे मोघम बोलण्याचीही गरज नाही. वहिनी वाचण्याची शक्यता न वाचण्यापेक्षा खूपच जास्त आहे. कातडी बहुधा पूर्ण भरून येईल. मला काळजी आहे ती डोळ्यांची, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले की नाही याबद्दल एक अक्षर नाही. बाकीचं सावकाश वाचा, पण ही चौकशी आत्ता करा.

आता आकडे. ‘७२ तास काही सांगता येत नाही’ हे वाक्य आयसीयूच्या दारात सवयीने बोललं जातं. या आजारात त्याहून जास्त सांगता येतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००० साली यासाठी स्कॉर्टेन नावाची मोजपट्टी बसवली, ती आजही जगभर वापरतात. दाखल झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत सात गोष्टी बघायच्या: वय चाळिशीच्या पुढे, अंगात कॅन्सर, नाडी १२० च्या वर, दहा टक्क्यांहून जास्त कातडी सुटलेली, यूरिया वाढलेलं, साखर २५२ च्या वर आणि बायकार्बोनेट २० च्या खाली. असेल त्याला एक गुण. मूळ अभ्यासात शून्य किंवा एक गुण असलेल्यांपैकी ३ टक्के दगावले, दोन गुणांना १२ टक्के, तीनला ३५, चारला ५८ आणि पाच किंवा अधिक गुणांना ९० टक्के.

वहिनींचे गुण दोन होतात, एक नाडीचा आणि एक सुटलेल्या कातडीचा. यूरियाबद्दल मात्र थांबून वाचा, कारण इथे घरचे लोक हमखास घाबरतात. नेटवर मर्यादा २८ लिहिलेली सापडते. ती ‘बीयूएन’ची, म्हणजे यूरियातल्या फक्त नायट्रोजनच्या मापाची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब ‘ब्लड यूरिया’ छापतात, त्याची मर्यादा साधारण ६० येते. तुमच्या कागदावर ब्लड यूरिया ४१ आहे, म्हणजे तो गुण लागत नाही. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींच्या बाजूचा हा हिशेब आहे. तिसऱ्या दिवशी हीच मोजणी पुन्हा करतात आणि तो आकडा जास्त भरवशाचा असतो. ती झाली आहे का, आणि गुण वाढले की तेवढेच राहिले, हे डॉक्टरांना विचारा. असा नेमका प्रश्न आला की उत्तरही नेमकं मिळतं, असा माझा अनुभव आहे.

‘पंचवीस टक्के’ हा आकडाही तपासून घ्यावा. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का. मोजायची ती फक्त सुटलेली, किंवा बोटाने हलकं सरकवल्यावर सुटणारी कातडी. नुसता लाल झालेला भाग धरायचा नाही. घाईत तोही धरला जातो आणि कागदावर आजार दुप्पट दिसतो. दहा टक्क्यांखाली असेल तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात, तीसच्या वर गेलं तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, म्हणजे टेन. मधला पट्टा ओव्हरलॅप. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी दोन मुलांमध्ये पहिला प्रकार नोंदवला, दुसऱ्याचं वर्णन १९५६ साली लायेल यांनी केलं. आज ही एकाच आजाराची कमी-जास्त रूपं मानली जातात.

एक कडू आकडाही सांगतो, कारण तो तुम्ही कुठेतरी वाचालच. युरोपातल्या मोठ्या नोंदवहीचे निष्कर्ष २०१३ साली आले. त्यात सहा आठवड्यांत २३ टक्के आणि वर्षभरात ३४ टक्के रुग्ण गेलेले दिसतात. हा सगळा गट एकत्र धरून काढलेला आकडा आहे. त्यात वयस्कर माणसं आहेत, कॅन्सरवाले आहेत, यकृत-किडनी आधीच खराब असलेले आहेत. सहा आठवड्यांनंतरचे मृत्यू तर मुख्यतः वय आणि मूळ आजार यांच्याशी जोडलेले निघाले. छत्तीस वर्षांच्या, एरवी धडधाकट बाईला तो आकडा लावायचं कारण नाही.

आता कातडी परत येईल असं मी इतक्या खात्रीने का म्हणतो ते. या आजारात औषधामुळे चवताळलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना मारतात. वरचा थर पूर्ण जाडीने मरतो आणि ओल्या कागदासारखा निघून येतो. खालचा थर मात्र जिवंत असतो, आणि त्यात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात. नवी कातडी तिथूनच पसरते. खोल भाजलेल्या रुग्णासारखं मांडीची कातडी काढून लावायची वेळ इथे सहसा येत नाही. नवे फोड थांबले की काही दिवसांत भरायला सुरुवात होते आणि बहुतेकांचं अंग तीन आठवड्यांच्या आसपास झाकलं जातं. पाठ, कुल्ले, तोंड आणि जननेंद्रियांजवळची जागा मागे राहते, कारण तिथे दाब आणि ओल असते.

तर मग माणसं जातात कशाने? बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने. उघड्या अंगावरून स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास यांसारखे जंतू रक्तात उतरतात, पाठोपाठ फुप्फुस आणि किडनी मान टाकतात. म्हणून या आजारात उपचारांचा मोठा भाग शुश्रूषेचा आहे. हे वाक्य नातेवाइकांना आवडत नाही. त्यांना महागडं इंजेक्शन ऐकायचं असतं. पण मी राउंडला गेल्यावर आधी औषधांचा कागद बघत नाही, पलंग बघतो.

काय बघतो ते सांगतो, म्हणजे काचेपलीकडून तुम्हालाही दिसेल. ईसीजीचे चिकट गोल स्टिकर छातीवर आहेत का? काढताना ते तळहाताएवढी कातडी घेऊन येतात. सलाइनची सुई चिकटपट्टीने बसवली आहे की मऊ बँडेज गुंडाळून? बीपीचा पट्टा उघड्या दंडावर आहे की खाली पॅराफिन गॉजची घडी आहे? कूस बदलताना दोघी-तिघी मिळून चादरीसकट उचलतात की काखेत हात घालून ओढतात? काखेत हात घालून एकदा ओढलं की एका मिनिटात दोन टक्के कातडी जाऊ शकते. खोली कोमट आहे का? एसी १८ वर ठेवलेल्या खोलीत हा रुग्ण कुडकुडत असतो, कारण अंगावर आवरण नाही आणि उष्णता सतत निघून जाते. २५ ते २८ अंश असावं, जमल्यास थोडं वर. सुटलेली कातडी खरवडून काढायची घाई नको. ती जागेवर राहिली तर फुकटचं ड्रेसिंग आहे. वरून न चिकटणारी पॅराफिनची जाळी.

केळीच्या पानाचं विचाराल म्हणून सांगतो: हसण्यावारी नेऊ नका. जळीत रुग्णांसाठी केळीच्या पानांच्या ड्रेसिंगवर मुंबईत रीतसर अभ्यास झाला आहे, आणि साधनं तोकडी असलेल्या सरकारी वॉर्डांत निर्जंतुक केलेल्या पानावर रुग्णाला झोपवतात, कारण चादर चिकटते आणि पान चिकटत नाही. पण ते वॉर्डाने निर्जंतुक करून वापरायचं. परसातलं पान तोडून आयसीयूत नेऊ नका. हळद, खोबरेल, कडुलिंबाचा पाला यांतलं काही अंगाला लावायचं नाही. आणि घरात कोणी ‘देवी आली, औषध बंद करा, अंगारा लावा’ म्हणत असेल तर त्यांना प्रेमाने घरीच बसवा. या आजाराला बंद करायचं औषध एकच होतं आणि ते बंद झालं आहे.

ते लवकर बंद झालं ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत एक दिवस आधी बंद केलं तर मृत्यूचा धोका जवळपास तीस टक्क्यांनी घटतो, असं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं. फिनोबार्बिटोनसारखी औषधं बंद केल्यावरही बरेच दिवस रक्तात रेंगाळतात, तिथे हा फायदा मिळत नाही.

स्टिरॉइड द्यावं का यावर दोन त्वचारोगतज्ज्ञांचं एकमत होईलच असं नाही. सुरुवातीचे काही दिवस, आजार पसरत असताना, थोडक्या काळासाठी देणारे आहेत. नकोच म्हणणारेही आहेत. उशिरा सुरू करून आठवडे चालवलं तर संसर्ग वाढतो, यावर मात्र वाद नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधाला झुकतं माप आहे: वजनाच्या दर किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम, साधारण दहा ते चौदा दिवस, एकटं किंवा स्टिरॉइडसोबत. किडनी आणि बीपी ठीक असेल तर मीही तेच निवडतो. तुलनेने स्वस्त आहे, मिळतं, आणि आजाराची दौड थांबवतं. वहिनींचं यूरिया बरं आहे, तेव्हा ते चालू आहे का आणि नसेल तर का नाही, हे विचारायला हरकत नाही.

आयव्हीआयजीसाठी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी, लोक दागिने मोडतात म्हणून स्पष्ट बोलतो. लाखांच्या घरात जाणारं हे इंजेक्शन एकटं दिल्याने जीव वाचतात असा भक्कम पुरावा नाही. काही ठरावीक रुग्णांत मीही वापरलं आहे. पण ते परवडलं नाही म्हणून माणूस गेला, अशी टोचणी कोणी मनाला लावून घेऊ नये. त्याच पैशात तीन आठवड्यांची चांगली शुश्रूषा आणि डोळ्यांचे उपचार होतात. एटानरसेप्ट या इंजेक्शनची स्टिरॉइडशी तुलना तैवानमध्ये झाली, २०१८ साली निकाल आला, त्यात कातडी लवकर भरली. आपल्याकडे ते देण्याआधी टीबीचा विचार करावाच लागतो. सगळ्यात नवी बातमी २०२४ची. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या कातडीतली प्रथिनं पेशीनिहाय तपासली, पेशींना दाहाचे संदेश पोचवणारा जेएके-स्टॅट नावाचा मार्ग पेटलेला सापडला, आणि तो अडवणारं औषध चीनमध्ये सात रुग्णांना दिलं. सातही बरे झाले. सात म्हणजे फारच थोडे, पण या आजारात एवढी आशा वाटावी असं बऱ्याच काळात काही आलेलं नव्हतं.

हलवायचं का? केवळ नाव मोठं म्हणून नाही. हलवताना स्ट्रेचर, अँब्युलन्स, पुन्हा स्ट्रेचर, यातच बरीच कातडी जाते. पण तीसच्या वर आजार गेला असेल, स्कॉर्टेन तीनवर पोचला असेल, श्वासाला त्रास होत असेल, किंवा तिथे त्वचा, डोळे आणि अतिदक्षता असे तिघेही रोज येऊ शकत नसतील, तर हलवा, आणि रक्तदाब स्थिर असतानाच हलवा. शोधायचं ते जळीत विभाग असलेलं रुग्णालय. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, मुंबई-पुण्यातल्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमध्येही असे रुग्ण नेहमी येतात. निघण्याआधी फोन करून खाट आणि नेत्रतज्ज्ञ दोन्हींची खात्री करा. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे उपचार कोणत्या सदरात बसतील ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

आता डोळे. या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या डोळ्यांना सुरुवातीलाच इजा होते. बुबुळावरचा आणि पापणीच्या आतला ओला पडदा कातडीसारखाच सोलवटतो. सोललेले दोन भाग समोरासमोर असले की ते एकमेकांना चिकटून भरतात. पापणी डोळ्याला जोडली जाते, अश्रूंच्या ग्रंथींची तोंडं बुजतात, पापणीचे केस आत वळतात आणि दर उघडझापीला बुबुळावर घासतात. अंग बरं होऊन माणूस घरी जातो, आणि पुढची वर्षानुवर्षं डोळे कोरडे, उजेड सोसत नाही, बुबुळ हळूहळू पांढरं होत जातं. मला बाह्यरुग्ण विभागात भेटणाऱ्या जुन्या रुग्णांची रड बहुतेक वेळा कातडीची नसते, डोळ्यांची असते.

आणि हे बऱ्याच अंशी टाळता येतं, पण त्याची मुदत छोटी आहे. नेत्रतज्ज्ञाने पहिल्या दिवसापासून रोज यायला हवं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले वंगणाचे थेंब तासा-दोन तासांनी, स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक थेंब त्यांच्या सल्ल्याने, आणि पापणीच्या आतून काचेची गुळगुळीत कांडी फिरवून नव्याने जमणारे चिकट पापुद्रे सोडवणं. इजा जास्त असेल तर अम्निऑटिक मेंब्रेन, म्हणजे सिझेरियननंतर दान केलेल्या वारेचा पातळ, निर्जंतुक पडदा, डोळ्यावर आणि पापणीच्या कडेपर्यंत पसरून बसवतात. आयसीयूत पलंगाजवळही हे करता येतं. फायदा पहिल्या आठवड्यात केलं तरच खरा. वहिनींचा पाचवा दिवस आहे. डोळे सुजून बंद आहेत, ‘उघडतील आपोआप’ असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. बंद पापण्यांच्या आतच नुकसान चाललेलं असतं.

ज्यांच्या बाबतीत ही वेळ निघून गेली आहे आणि जे हे वाचत आहेत, त्यांनीही आशा सोडायचं कारण नाही. ओठाच्या आतल्या अस्तराचा तुकडा पापणीच्या खरखरीत झालेल्या कडेला बसवतात, डोळ्यावर पाण्याचा साठा धरून ठेवणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स मिळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या दोन्हींचं मोठं काम आहे. दृष्टी जवळजवळ गेलेल्यांसाठी चेन्नईच्या शंकर नेत्रालयात रुग्णाच्याच दातात भिंग बसवून ते डोळ्यात रोवण्याची शस्त्रक्रियाही होते. ऐकायला अचाट वाटतं, पण निवडक रुग्णांना त्याने दिसू लागतं.

डोळ्यांसारखीच, पण कोणी बोलत नाही अशी दुसरी जागा योनीमार्ग. तिथलं अस्तरही सोलवटतं आणि भरताना चिकटतं. पुढे संबंधांच्या वेळी वेदना, पाळीचं रक्त अडणं, असे त्रास होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकदा बघून मलम आणि गरज पडल्यास आत ठेवायचं साधन सुरू केलं की बरंचसं टळतं. दीर म्हणून तुम्हाला हे विचारणं अवघड जाईल, तर वहिनींच्या आईला किंवा बहिणीला सांगा, त्यांनी नर्सकडे विषय काढावा. लघवीची नळी आहे म्हणून सगळं तपासलं गेलं असं समजू नका.

जेवण तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी लवकर घालू द्या. घरच्यांचा याला विरोध असतो, ‘आधीच हाल, त्यात नळी’. पण नुसत्या सलाइनवर नवी कातडी तयार होत नाही, त्याला प्रथिनं लागतात, आणि आतडं रिकामं राहणंही चांगलं नाही.

वहिनी घरी आल्यावर काय दिसेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे धसका बसणार नाही. नवी कातडी आधी गुलाबी आणि मग चट्ट्याचट्ट्यांनी काळी-पांढरी दिसते. आपल्या सावळ्या रंगावर ते जास्तच उठून दिसतं. हे व्रण नाहीत, रंगाचा फरक आहे, आणि तो काही महिने ते वर्ष-दीड वर्षात बराच जुळून येतो. उन्हापासून जपायचं, अंगभर कापड आणि सनस्क्रीन. पांढरं करणारी क्रीम बिलकूल लावायची नाहीत, त्यांतल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. नखं गळतील, बहुतेकांची परत येतात, काहींची वेडीवाकडी. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतील, तेही परत येतात. खाज सुटेल, घाम नीट येणार नाही, पहिला उन्हाळा जड जाईल. गिळताना अडकत असेल किंवा चढताना दम लागू लागला तर मात्र वाट न बघता दाखवा, अन्ननलिका आणि श्वासनलिकांचीही अस्तरं यात सापडतात.

आणि भीती. रात्री दचकून उठणं, आरशासमोर न जाणं, साधी क्रोसिन घ्यायलाही हात थरथरणं. शारीरिक दुखणं संपल्यावर हे सुरू होतं, तेव्हा घरचे म्हणतात ‘आता तर बरी झालीस ना’. मानसोपचारतज्ज्ञाला एकदा दाखवा. त्यांना गोळ्या द्यायच्या असतील तर कोणत्या चालतील ते मला किंवा तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारून.

‘आमच्या गावात एकाला असंच झालं होतं, दोन वर्षं फोड येत राहिले’ असं कोणी सांगेल. तो बहुधा पेम्फिगस असावा. तिथे फोड कुठल्या गोळीमुळे एकदम उठत नाहीत, शरीर स्वतःच्याच कातडीविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि आजार महिनोन्महिने चालतो. स्टिरॉइड येण्याआधी त्यातले बहुतेक रुग्ण दगावत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी ऐंशीच्या दशकात डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइडची पल्स पद्धत, म्हणजे ठरावीक अंतराने मोठे डोस देण्याची पद्धत, रूढ केली आणि देशभरच्या हजारो रुग्णांना तिचा आधार झाला. आता रिटक्सिमॅब हे इंजेक्शन आहे. फ्रान्समधल्या २०१७ च्या चाचणीत ते घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांशिवाय फोडमुक्त होते, नुसत्या स्टिरॉइडवाल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. लहान बाळाची कातडी तापात सोलली तर तो बऱ्याचदा जंतूच्या विषाचा आजार असतो, वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर मुलं झटपट आणि डाग न राहता बरी होतात. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका, आधी निदानाचं नाव विचारा.

डिस्चार्ज कार्डावर ‘ड्रग ॲलर्जी’ एवढंच लिहून घेऊ नका. औषधाचं नाव, तारीख, किती दिवसांनी झालं आणि ‘पुन्हा कधीही देऊ नये’ असं ठळक लिहून हवं. त्याची लॅमिनेट केलेली प्रत पर्समध्ये, फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. दुष्परिणामाची नोंद सरकारी औषध-दक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात, जरूर करा. कार्बामॅझेपीनच्या या प्रतिक्रियेमागे काही लोकांत एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार असतो. तैवानमध्ये २००४ साली हा संबंध सापडला, भारतीय रुग्णांतही तो दिसला आहे. रक्ताच्या नात्यात तो वाटलेला असू शकतो, म्हणून वहिनींच्या भावंडांनी आणि मुलांनी हे औषध टाळावं किंवा आधी ती तपासणी करून घ्यावी.

राहिली गोष्ट मूळ दुखण्याची. चेहऱ्याच्या कळा गेलेल्या नाहीत, त्या परत येणार. तेव्हा बहुधा एखाद्या वेगळ्या डॉक्टरांकडे जाल, आणि कार्बामॅझेपीन चालत नाही म्हटल्यावर सर्वांत आधी हाताला येणारी पर्यायी गोळी असते ऑक्सकार्बाझेपीन. ती त्याच घराण्यातली आहे, वहिनींना चालणार नाही. फेनिटॉइन नाही, फिनोबार्बिटोन नाही. लॅमोट्रिजिनही स्वतःच्या बळावर हाच आजार करतं, तेव्हा तेही नको. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, बॅक्लोफेन यांचा विचार न्यूरॉलॉजिस्ट करतील, आणि त्यांनी भागलं नाही तर नसेवरचा रक्तवाहिनीचा दाब काढण्याची शस्त्रक्रिया आहे. ही चार निषिद्ध नावं कार्बामॅझेपीनच्या खाली त्याच कार्डावर लिहून घ्या. आता आधी नेत्रतज्ज्ञांना बोलवा, आणि त्यांनी काय सांगितलं ते मला कळवा.